मापाची सायकल

वस्तु माणसाच्या मापाची असावी, कीं माणसानें वस्तूच्या मापाचें व्हावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत सहसा कोणी विचारीत नाहीं. वडील भावाचा सदरा धाकट्यास येतो, धाकट्याचा पुतण्यास जातो. कोणास तो ढगळ होतो, कोणास आंखूड. पण त्याबद्दल तक्रार करण्याचा प्रघात नाहीं.

आमच्या वाड्यांतील सायकलीचेंही तसेंच होतें. एकच उंच, काळी, वीस किलोंच्या घरांतील सायकल. कचेरींत जाणारे काका तीवर बसत, कॉलेजांत जाणारे आम्ही बसत असूं, आणि ज्यांचे पाय सीटवरून पेडलास पोंचत नसत तीं मुलें आडव्या दांड्याखालून पाय घालून ती चालवीत. ती कोणाच्याच मापाची नव्हती, म्हणूनच सर्वांची होती.

अशा घरांत वाढलेल्या आमच्या पुतण्यानें बावन्नाव्या वर्षीं अमेरिकेंत केवळ स्वतःच्या मापानें कार्बनची सायकल करावयास टाकली, तेव्हां घरांत बरीच चर्चा झाली. किंमत ऐकून वहिनी म्हणाल्या, "एवढ्या पैशांत घरांतल्या सगळ्या पोरांना सायकली आल्या असत्या; आणि ही तर याच्याशिवाय कोणाच्याच उपयोगाची नाहीं!" आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

परंतु केवळ हौस हें कारण नव्हतें. तासभर सायकल चालविली कीं त्याची मान भरून येई व हातांचीं बोटें बधिर होत. डॉक्टरांनीं सायकल सोडण्याचा सल्ला दिला होता. आम्ही त्या वेळीं त्याच्याकडेच होतों, म्हणून कारखान्यांत बरोबर गेलों. कारखाना कसला, चार माणसांचें एक दालन! तेथें प्रथम कोणी सायकल दाखविलीच नाहीं. पुतण्यास अनवाणी उभें करून पाय, धड, हात व खांद्यांची रुंदी यांचीं मापें घेतलीं. पुढें किती वांकतां येतें तें पाहिलें. मग हवी तशी लांब-आंखूड करतां येणाऱ्या, जागच्या जागीं चालणाऱ्या एका सायकलीवर बसवून गुडघ्याचा कोन मोजला. सीटच्या उंचीसाठीं फ्रान्समधील प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नांवाशीं जोडलेला एक ठोकताळा आहे: पायाचें आंतील माप गुणिले ०.८८३. माप ८० सेंटिमीटर असेल तर पेडलांच्या मधल्या आंसापासून सीट सुमारें ७०.६ सेंटिमीटरांवर येते. हा केवळ आरंभ. पुढचें सर्व माणसाकडे पाहून ठरतें.

त्या मापांत एक गोष्ट उघडकीस आली. पुतण्याचा डावा पाय उजव्यापेक्षां ९ मिलिमीटर आंखूड आहे. लहानपणीं जिन्यावरून पडून तो मोडला होता, तेव्हांची ती बाकी. डाव्या बुटाखालीं पातळ पाचर बसवून तें अंतर भरून काढावयाचें ठरलें. आणि मानेसाठीं हँडल उंच व जवळ येईल अशी चौकट आंखली गेली.

येथें कार्बनचा गुण कळतो. कार्बनचा तंतु पांच ते सात मायक्रॉन जाडीचा, केंसाहून कितीतरी बारीक असतो. तो आपल्या लांबीच्या दिशेनें अतिशय बळकट. आडव्या दिशेनें मात्र त्याचा फारसा भरंवसा नाहीं. म्हणून राळेंत भिजविलेले त्याचे थर निरनिराळ्या दिशांनीं एकावर एक रचतात: लांबीच्या दिशेचे थर नळीस वांकूं देत नाहींत, ४५ अंशांत तिरपे घातलेले तिला पिळूं देत नाहींत. मोठे कारखाने चौकटी सांच्यांत घडवितात. सांचा महाग, म्हणून पांच-सात ठराविक मापांवर भागवितात. येथें नळ्या हव्या त्या लांबीच्या कापून, टोकें एकमेकींस बसतील अशीं कोरून, सांध्यांवर कार्बनचें कापड गुंडाळून तें उष्णतेनें व दाबानें पक्कें करतात. थर किती घालावयाचे तें बसणाराच्या वजनावर अवलंबून. तयार सायकल सात किलोंच्या आसपास भरली. शर्यतींसाठीं तर जागतिक सायकल संघटनेला २००० सालीं ६.८ किलोंची किमान मर्यादा घालावी लागली, इतका हलकेपणा आतां साध्य झाला आहे.

मापाचा हा आग्रह शर्यतीच्या वीरांनींही धरला आहे. टूर द फ्रान्स जिंकणारे पहिले अमेरिकन ग्रेग लेमाँड १९८६ सालीं कार्बनच्या चौकटीवर होते. पुढें मापाबरहुकूम कार्बनच्या चौकटी हव्या म्हणून ते कॅलिफोर्नियांतील क्रेग कॅल्फी या कारागिराकडे गेले, आणि १९९१ सालीं त्यांच्या संघानें त्या वापरल्या.

आपल्याकडेही हा विचार अगदींच परका नाहीं. मिरजेंत बायकांसाठीं तंबोरा निराळ्या, लहान मापाचा करतात. कारण गळा निराळा. आजोबांचा चष्मा दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नसे, पण त्यास कोणी चैन म्हटलें नाहीं.

आंखूड पायाची हकीकत आम्ही दूरध्वनीवर सांगितली तेव्हां वहिनी कांहीं वेळ बोलल्याच नाहींत. लहानपणीं हा सायकलीवर एका बाजूस कलून बसे, आणि "नीट बस" म्हणून त्यास नित्य बोलणीं खावीं लागत. मग त्यांनीं एवढेंच विचारलें, "म्हणजे तेव्हां त्याला दुखत असेल का हो, भावजी?"

पुतण्यास तें आतां आठवत नाहीं. त्याची मान मात्र भरून येत नाहीं, बोटेंही शाबूत आहेत. शनिवार-रविवारीं तो तीन-तीन तास हिंडतो. आमच्या मतें हलकेपणा कार्बननें दिला, पण दुखणें गेलें तें मापानें. वहिनींचा आक्षेप यानें सर्वस्वी खोडला गेला असें नाहीं. ती सायकल दुसऱ्या कोणाकडे जाणार नाहीं, व एवढा खर्च करणें थोड्यांसच शक्य आहे. परंतु माप घेण्यास खर्च येत नाहीं. आमच्या घरीं मुलांची सायकल आजही सामायिकच आहे. फक्त तिच्या सीटच्या नळीवर आतां चार रंगांच्या चार खुणा आहेत, प्रत्येक मुलाची एक. बसण्यापूर्वीं पाना घेऊन सीट आपल्या खुणेवर आणावयाची, आणि दर दिवाळींत पाय मोजून खूण सरकवावयाची, असा नियम वहिनींनींच घातला आहे.