बोळातलं ऊन

भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या हातात ठेवला. "मावशी, आता तुला वेळ आहे. फिर पार्ल्यात आणि काढ फोटो." गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. १९६२ सालची तीन मजली बिल्डिंग, चौदा बिऱ्हाडं. मी १९८९ साली लग्न होऊन इथे आले. पाडायच्या आधी सगळं नीट टिपून ठेवावं, एवढंच मनात होतं.

पहिल्या दिवशी फाटकापाशी उभी राहिले आणि गच्ची आत यावी म्हणून कॅमेरा वर केला. फोटोत बिल्डिंग मागे कलंडलेली, दोन्ही बाजूच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या. पाच-सहा वेळा काढला, तेच. मला वाटलं, लेन्स बिघडली. फोनवर भाचा म्हणाला, "कॅमेरा वर वळवलास की असंच होणार. तो सरळ धर. लांब जा, नाहीतर उंच जा." लांब जायला आमच्या गल्लीत जागा कुठली? चार पावलांवर समोरच्या सोसायटीचं कंपाउंड. मग त्या बिल्डिंगचा दुसरा मजला चढले आणि बेल वाजवली. ज्या बाईंना तीस वर्षं भाजीवाल्यापाशी नुसतं हसून ओळख दिली होती, त्यांच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. त्यांच्या गॅलरीतून आमची बिल्डिंग सरळ उभी दिसली. तिथून माझ्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते, हेही मला तेव्हाच कळलं.

फोटो चांगला आला. तरी घरी येऊन तो बघत बसले आणि काही केल्या तो आमच्या घराचा वाटेना. काय राहिलं, ते मात्र सांगता येत नव्हतं.

नादच लागला मग. रोज सकाळी पिशवीत कॅमेरा टाकून निघायची. तेजपाल स्कीम, हनुमान रोड, दीक्षित रोड, पार्ले टिळक विद्यालयाच्या आसपासच्या गल्ल्या. ही शाळा १९२१ची, लोकमान्य सेवा संघ १९२३चा. पु. ल. देशपांड्यांचं लहानपण ज्या पार्ल्यात गेलं, ते कौलारू बंगल्यांचं पार्लं आता हुडकावं लागतं. मी हुडकलं ते त्याच्या पुढच्या पिढीचं: तीन मजले, सिमेंटच्या जाळीचे सज्जे, मोझॅकच्या पायऱ्यांचे जिने, आवारात शहाबादी फरशी आणि कोपऱ्यात एखादा आंबा. या बिल्डिंगा इतकी वर्षं टिकल्या, त्यामागे विमानतळाचा मोठा हात आहे. विमानांच्या वाटेखाली, ज्याला इथे सगळे फनेल झोन म्हणतात, तिथे बांधकामाच्या उंचीला मर्यादा आहे. उंच जाता येत नाही म्हटल्यावर बिल्डरला परवडत नाही, आणि पुनर्विकास वर्षानुवर्षं लटकतो. राहणाऱ्यांनी गळक्या गच्च्यांवर ताडपत्र्या घालून पावसाळे काढले आहेत, आम्हीही काढले. त्यामुळे जुनं ते सगळं राहावंच, असं मी म्हणणार नाही. पण ते होतं कसं, हे कुणीतरी नीट पाहून ठेवायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

शेजारच्या गल्लीत एका बिल्डिंगच्या दारावर सिमेंटच्या उठावाची अक्षरं आहेत. भिंतीला रंग देताना दरवेळी अक्षरांवरूनही तोच हात फिरलेला, त्यामुळे समोर उभं राहूनही नाव वाचता येत नाही. तीनदा फोटो काढला, तीनदा नुसती पिवळी भिंत आली. फेब्रुवारीत एकदा सकाळी आठच्या सुमारास सहज गेले, तर ऊन भिंतीला घासून जात होतं आणि प्रत्येक अक्षराला आपापली सावली फुटली होती. 'कृ'चा वळसा, 'पा'चा काना, खाली बारीक आकड्यात साल. दहा-पंधरा मिनिटांत ऊन समोर आलं आणि नाव पुन्हा भिंतीत बुडालं. त्या दिवसापासून मी वहीत ठिकाणापुढे वेळ लिहायला लागले.

स्टेशनने मला फार रडवलं. आमच्या या मार्गावर विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली ती १८६७ साली, विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली ती १९२८ साली. एवढी जुनी वाट आपल्या दाराशी आहे, तर तिचा एक तरी नेटका फोटो असावा, अशी माझी हौस. येणारी गाडी हलू नये म्हणून शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं. गाडी लख्ख आली, पण कपाळावरच्या इंडिकेटरची अक्षरं अर्धीमुर्धी, मधल्या ओळीच गायब. शटर साठांशावर आणलं, तर अक्षरं पूर्ण आणि गाडी सगळी फरफटलेली. दोन दिवस मी या कोड्यात होते. ते दिवे सलग जळत नाहीत, डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने उघडमीट करतात, हे भाच्याने समजावलं. उपाय मात्र पार्ल्यानेच दिला. इथे स्लो गाडी थांबते. थांबली की तिचा फोटो साठांशावर निवांत काढता येतो. तो एक निघाला, आणि गणवेशातले एक गृहस्थ येऊन म्हणाले, "ताई, परवानगी आहे का?" नव्हती. कॅमेरा पिशवीत गेला. वाईट वाटलं, पण त्यांचंही काम होतं.

पूर्वेच्या अंगाला, रुळांजवळ, बिस्किटांचा कारखाना होता, १९२९ सालचा. सांताक्रूझ सुटलं की डोळे मिटलेले असले तरी वासावरून उतरायची तयारी व्हायची. २०१६ साली तो बंद झाला. त्या बाजूचे माझे सगळे फोटो मी पुसून टाकले. त्यांत काहीच नव्हतं.

आणि ते पुसता पुसताच मला कळलं, आमच्या बिल्डिंगच्या फोटोत काय राहिलं होतं. बोळ. आमची आणि शेजारची बिल्डिंग यांच्यामधली दहा फुटांची मोकळी जागा. तिथे अळू लावलेलं, पाण्याचं निळं पिंप, दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. माझ्या मुलाच्या दहावीचा निकाल शेजारच्या काकूंना मी याच बोळावरून ओरडून सांगितला होता. वाटीने साखर, दोरीने पेपर, सगळं याच बोळावरून गेलं. नव्या नकाशात तिथे गाड्यांचा रॅम्प आहे.

पण बोळ फोटोत येईना. दोन्ही भिंती यायच्या. खाली नेम धरला तर सगळं काळं, आणि उजेड वाढवला तर वरची आभाळाची पट्टी पांढरीफटक. सकाळी बघितलं, संध्याकाळी बघितलं. दुपारी फोटो काढू नये, हे सगळ्यांनी एकमुखाने बजावलेलं, म्हणून दुपार मी सोडूनच दिली होती.

मुंबईत वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. जुलैत ढगांमुळे तो दिसणं कठीण. शून्य सावलीची बातमी पेपरात वाचली आणि पोळी तव्यावर टाकता टाकता एकदम खिडकीतून खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सव्वाबारालाच खाली उतरले. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, त्या दिवसांत घड्याळात बारा पस्तीस होतात. ऊन आधी एका भिंतीवरून उतरत आलं. मग अळूच्या पानांवर पडलं. आणि मग सगळ्या बोळाचा तळ उजळला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नळाखालचं ओलं शेवाळ हिरवंगार दिसलं, पिंपाची सावली पिंपाखालीच गोळा झाली. घामाने बोटं घसरत होती. मी चौदा फोटो काढले.

वरून खिडकी उघडली. "अहो, एवढ्या उन्हात काय करताय?"

"बोळाचा फोटो घेतेय, काकू."

त्या बराच वेळ खाली बघत राहिल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना न उतरणाऱ्या काकू मग ओलं फडकं घेऊन खाली आल्या, पिंपाचं झाकण पुसलं, वाळलेली दोन पानं खुडली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता काढा. लवकर काढा, ऊन सरकतंय."