कोबीचं पाणी

कोबीची पचडी आमच्याकडे पानं घेतली की होते. बारीक चिरलेला कोबी, दाण्याचं कूट, लिंबू, वरून मिरचीची फोडणी. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की कोबी पाणी सोडतो. कोलस्लॉचं उलट. मीठ आधी लावून ते पाणी मुद्दाम काढून टाकतात, नाहीतर सगळं पातळ होतं.

हे मला नातीने शिकवलं. ती न्यू जर्सीत वाढली. मराठी तिला समजते, बोलताना अडखळते. माझं इंग्रजी बँकेच्या कामापुरतं. गेल्या मे महिन्यात ती बंगळूरला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिले काही दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्याच हसत होतो.

मग तिने कोलस्लॉ करायचं ठरवलं. अर्धा किलो कोबी आणि एक गाजर मी विळीवर चिरलं. तिने चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवलं, घट्ट पिळलं. मेयोनेजला अंडं हवं होतं. माझ्या ओट्यावर 40 वर्षांत अंडं फुटलं नव्हतं. मी नवा वाडगा काढून दिला. बलक, चमचाभर वाटलेली मोहरी, थोडं व्हिनेगर. मी रवीने घुसळत होते, ती तेल सोडत होती, आधी थेंब थेंब, मग बारीक धारेने. तेल घाईने पडलं तर मिश्रण फाटतं. सावकाश पडलं तर बलकातलं लेसिथिन तेलाचे कण धरून ठेवतं. "थांब, आजी." "आता घालू?" "पुरे." तिची सगळी मराठी त्या दहा मिनिटांत बाहेर आली. शेवटी मी दोन चमचे चक्का घातला, तिने साखर, आणि तासभर फ्रीजमध्ये मुरू दिलं.

त्या तासात तिने शब्द शोधला. डच भाषेत 'कोल' म्हणजे कोबी, 'स्ला' म्हणजे सॅलड. आपला 'कोबी' पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आलेला. दोन्हींचं मूळ लॅटिन 'कौलिस', म्हणजे देठ. एकाच देठाचा एक शब्द डच लोकांबरोबर अमेरिकेला गेला, दुसरा पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला.

ती गेल्यावर मी कोलस्लॉ केलेला नाही. एकटीसाठी अंडं फोडायला हात धजत नाही. फोनवर मात्र ती आता मराठीतच सुरुवात करते, "आजी, आज काय चिरलंस?"