कापडाची मूठ

ती निळसर काळी आहे. उजेडात तिरपी धरली की अंगावर बारीक रेघा दिसतात, नकाशात डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषांसारख्या. जिथं मूठ पोटाशी फुगली आहे तिथं रेघा पसरट, जिथं बोटासाठी खोलगट केली आहे तिथं दाट. या रेघा कुणी काढलेल्या नाहीत. प्रत्येक रेघ म्हणजे जुन्या जीन्सच्या पँटचा एक थर. ती लाकडाची नाही, शिंगाची नाही, आणि बाजारातल्या चाकूंना असते तशी साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचीही नाही. कापड आणि राळ यांच्या पोटी ती आली, गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत, घरामागच्या पडवीत, दोन फळ्यांच्या मध्ये दबून.

तिच्या जोडीदाराचं, म्हणजे पात्याचं, कुळ सांगायला सोपं आहे. देवरी मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे. छत्तीसगडकडे जाणारे आणि तिकडून येणारे ट्रक रात्रंदिवस गावातून जातात. ट्रक आहेत म्हणजे स्प्रिंगचे तुटलेले पाटे आहेत, आणि पाट्याचं पोलाद लोहाराच्या हाती पडलं की त्याचा कोयता होतो, सुरा होतो, चाकू होतो. पातं तापट आहे, उघड स्वभावाचं आहे. नीट पुसून ठेवलं नाही तर एका रात्रीत गंज धरून नाराजी दाखवतं. मुठीचा स्वभाव कळायला मात्र ती बरेच दिवस वापरावी लागते.

तिला पाण्याचं भय नाही, हे आधी ध्यानात येतं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. या दोन टोकांच्या मध्ये लाकडाची मूठ बिचारी फुगत-आकसत राहते. धान कापणीच्या सुमारास इळ्याची मूठ डगडगायला लागते ती यामुळेच. मग माणूस इळा रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो, लाकूड फुगून पात्याला आवळतं, दोन दिवसांनी वाळतं आणि पुन्हा सैल होतं. कापडाची मूठ हे काही करत नाही. तिच्या धाग्यांत जिथं पाणी शिरलं असतं तिथं आधीच राळ जाऊन बसलेली आहे. मासळी साफ करताना हात ओला आणि चिकट असतो, तेव्हा तर ती जास्तच घट्ट धरते. तिला आरशासारखी घासली नाही, शेवटचा हात थोडा खरखरीत ठेवला, तर वर उघडी पडलेली धाग्यांची टोकं ओल्या बोटांना अडवतात. गुळगुळीत चकाकी देऊन तिची ही पकड घालवणारे लोक मला समजत नाहीत. मूठ बघण्यासाठी नसते.

जन्माच्या वेळी मात्र ती फार हट्टी असते. कापड आधी धुवून कांजी, तेल, साबण सगळं काढावं लागतं. तेलकट धाग्याला राळ धरत नाही. मग एकाच मापाच्या पट्ट्या कापायच्या, मुठीपेक्षा बोटभर मोठ्या. जीन्सचं कापड असेल तर पंधरा-वीस थरांत एका बाजूची पट्टी तयार होते, पातळ सुती असेल तर त्याच्या दुप्पट लागतात. एपॉक्सी राळ आणि तिचं हार्डनर बाटलीवर सांगितलं असेल त्याच प्रमाणात, वजन करून. इथं डोळ्यांचा अंदाज चालत नाही. हार्डनर कमी पडलं तर ती कायमची चिकट राहते, आणि लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तरी ती नीट धरत नाही, मऊच राहते. एकेक पट्टी दोन्ही बाजूंनी भिजवायची, बोटांनी दाबून हवा बाहेर काढायची, एकीवर एक रचायची. खाली आणि वर फळी, फळ्यांना प्लॅस्टिक गुंडाळलेलं, नाहीतर फळ्याही तिच्या होऊन बसतात. चारही कोपऱ्यांना सी-क्लॅम्प लावून सारखा दाब. सारखा म्हणजे खरोखर सारखा: एका कोपऱ्याला जोर जास्त झाला तर तिथली राळ बाहेर वाहून जाते आणि थर कोरडे राहतात; पुढं घासताना तिथंच ते उकलतात.

ऋतूही तिला बघून निवडावा लागतो. उन्हाळ्यात भांड्यात कालवलेली राळ स्वतःच्याच उष्णतेनं तापत जाते, कडेला धूर येतो, आणि पट्ट्या रचून होण्याआधी ती भांड्यातच दगड होते. म्हणून उन्हाळ्यात तिला खोल वाटीत ठेवायचं नाही, पसरट ताटलीत ठेवायचं. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे वर मेणचट थर येतो. पौष-माघातली कोरडी, थंड दुपार तिला मानवते. रात्रभर दाबात ठेवली की दुसऱ्या दिवशी बाहेर काढता येते. पूर्ण पक्की व्हायला मात्र आठवडाभर द्यावा. हातमोजे घालूनच हे सगळं करायचं, कारण कच्ची एपॉक्सी वारंवार कातडीला लागली की तिची ॲलर्जी जडते, आणि ती एकदा जडली की सुटत नाही. घासतानाची धूळ त्याहून वाईट. मास्क लावावा, पाणी टाकून घासावं, आणि लहान मुलांना त्या पडवीत येऊ देऊ नये. तयार मूठ कुणालाच इजा करत नाही. तिची धूळ करते.

आता तिच्या कुळाबद्दल, कारण मला ती आवडते त्याचं मोठं कारण तिचं कुळ आहे.

या प्रकाराला मायकार्टा म्हणतात. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊस कंपनीनं 1910 च्या सुमारास तो काढला, आणि काढला तो चाकूंसाठी नव्हे. वीज नवी होती, मोटारी आणि जनित्रं बनत होती, आणि तारेतली वीज जिथं जायला नको तिथं तिला अडवणारं काहीतरी हवं होतं. तोवर हे काम अभ्रकाचे पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेले तक्ते करायचे. पापुद्रे चिकटवणारा होता चपडा. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख, आणि लाख जायची हिंदुस्थानातल्या जंगलांतून. विजेचे कारखाने वाढत गेले तशी लाखेची मागणी वाढत गेली आणि भावही चढले. लिओ बेकलंड हा बेल्जियममध्ये जन्मलेला रसायनतज्ज्ञ तेव्हा न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला राहत होता. लाखेला पर्याय शोधायचा म्हणून त्यानं फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यावर काम सुरू केलं. 1907 मध्ये त्याच्या हाती जे आलं ते लाखेसारखं नव्हतंच. ते एकदा घट्ट झालं की कितीही तापवलं तरी पुन्हा वितळत नव्हतं. तेच बेकेलाइट. वेस्टिंगहाऊसमध्ये कागद आणि कापड त्याच राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन तक्ते केले गेले. त्यांतून विजेचे भाग झाले, दातेरी चाकं झाली, विमानांचे पंखेही झाले. चाकूच्या मुठीपर्यंत हा प्रकार त्यानंतर आला. आपण घरी करतो त्यात बेकेलाइट नसतं, कारण त्याला लागणारी उष्णता आणि फॉर्मल्डिहाइडचा वायू दोन्ही घरात आणण्यासारखं नाही; एपॉक्सीनं ते काम खोलीच्या तापमानाला करून दिलं. एपॉक्सीचा अराल्डाइट हा गोंद स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं 1946 मध्ये बाजारात आणला, आणि आज त्याच्या दोन नळ्या देवरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात.

म्हणजे पर्याय शोधायची गरज पडली ती लाखेमुळे, आणि लाख तर इथलीच. गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात पळसावर आणि कुसुमावर ती आजही धरते. एवढासा किडा कोवळ्या फांदीचा रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचं कवच बांधत जातो. हजारो किड्यांची कवचं मिळून फांदीवर खरखरीत तांबूस साल चढते. पळसावरची रंगीनी आणि कुसुमावरची कुसुमी या तिच्या दोन जाती. कुसुमीचा चपडा फिका आणि चांगल्या भावाचा. रंगीनीचं वैशाखी पीक उन्हाळ्याच्या तडाख्यात सापडतं आणि त्यात बरेच किडे मरतात, म्हणून सावध माणूस झाडावरची सगळी लाख कधी खरवडत नाही, बियाण्यापुरत्या फांद्या ठेवतो. अडचणीच्या वर्षी बियाण्याच्या फांद्याही तोडल्या जातात आणि पुढल्या हंगामात झाड रिकामं राहतं. या झाडांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांना वेळेवर बियाणं आणि रास्त भाव मिळावा, असं मला फार मनापासून वाटतं. यॉन्कर्सच्या प्रयोगशाळेपर्यंत ज्या वस्तूचा धाक पोचला होता, ती जपणाऱ्यांना ती नाइलाजानं विकावी लागावी हे बरोबर नाही.

लाखेचा आणि मुठीचा संबंध तसा फार जुना. आपल्याकडच्या तलवारीची मूठ लोखंडी असो की पितळी, बहुधा आत पोकळ असे. पात्याचं मागचं टोक त्या पोकळीत घालून गरम लाखेचं मिश्रण ओतत. थंड झालं की पातं पक्कं. पातं बदलायचं झालं तर मूठ तापवायची, लाख मऊ व्हायची आणि पातं सुटायचं. कितीतरी मराठा तलवारींच्या देशी मुठींत युरोपातून आलेली पाती बसली, ती या लाखेच्या भरवशावर. आणि कापडावर कापड चिकटवून टणक वस्तू करण्याचं कसबही आपल्याकडे जुनंच आहे. सावंतवाडीची गंजिफा बघा: चिंचोक्याच्या खळीनं कापडाचे थर जोडून, वाळवून, घोटून पान तयार करायचं, त्यावर दशावतार रंगवायचे आणि वरून लाखेचा हात द्यायचा. पिढ्यान्‌पिढ्या खेळली तरी टिकणारी पानं ती. माझ्या मुठीला मी त्या पानांची भाचीच समजतो.

लाख आणि एपॉक्सी, दोघींच्या स्वभावात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लाख सत्तर-ऐंशी अंशांना वितळते, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही बरीच आधी. तिच्याकडून चूक झाली तर तापवा आणि पुन्हा करा. एपॉक्सी एकदा बसली की बसली. तिच्यात राहिलेला हवेचा बुडबुडा, वाकडा गेलेला थर, चुकून अडकलेला केस, सगळं कायमचं. हा तिचा कठोरपणा आहे आणि तोच तिचा टिकाऊपणाही आहे.

कापड कोणतं घ्यायचं, यावर तिचा स्वभाव ठरतो. जीन्स भरवशाची: धागा जाड, वीण घट्ट, रंग खोल. खादीची मूठ मऊ दिसते, राळ पिऊन मधासारखी पिवळट होते. जुन्या लुगड्याची करावीशी वाटते, आणि करावीही, पण पातळ कापडाला थर फार लागतात आणि काठाची जर राळेत धरत नाही, तो भाग कापून टाकावा. नायलॉन-पॉलिस्टरच्या वाटेला जाऊ नये. राळ त्यांच्या अंगात मुरत नाही, नुसती वर राहते. भंडाऱ्याकडच्या कोशाच्या कापडाची मूठ देखणी होईल याबद्दल शंका नाही, पण विणकराची ती मेहनत कापून राळेत बुडवायला माझा हात धजत नाही. फाटून टाकाऊ झालेलं कोशाचं लुगडं मिळालं तर गोष्ट वेगळी.

माझं मन बसलं आहे ते बारदानावर. हा धानाचा मुलूख. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रांवर दर हंगामात ज्यूटच्या पोत्यांची थप्पी लागते, आणि फाटकं पोतं घराघरात पायपुसणं होऊन पडलेलं असतं. त्याचे धागे जाड, वीण मोकळी. राळ जास्त पिते, दाब हळूहळू वाढवावा लागतो, नाहीतर थर सरकतात. पण निघते ती मूठ तपकिरी, जाड रेघांची, हाताला दमदार. थंडीत काम करणाऱ्या हाताला ती लाकडाइतकीच ऊबदार लागते, हे विशेष.

चाकूला ती दोन्ही बाजूंनी पितळी खिळ्यांनी बसवतात. इळ्याचं तसं नाही. त्याचं मागचं टोक निमुळतं असतं, ते मुठीच्या पोटात जातं. तिथं एपॉक्सी ओतणं सोपं, पण मला ते पटत नाही. इळ्याचं पातं झिजतं: दरवर्षी दात काढून घेतले, पाजवलं की ते अरुंद होत जातं आणि पाच-सात हंगामांनी निकामी होतं. बारदानाची मूठ मात्र तेव्हा नुकती कुठं हाताच्या वळणाची झालेली असते. म्हणून भोक पाडून आत लाखच ओतावी, इथल्याच कुसुमाची. पुढं पातं संपलं की त्याच्या मानेशी आच द्यायची. मूठ आगीपासून लांब, ओल्या फडक्यात धरायची. लाख मऊ झाली की पातं ओढून काढायचं आणि लोहाराकडून फक्त नवं पातं आणायचं.