मूल आश्रमशाळेत असताना आजारी पडलं तर?

जून महिना आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. तपासून झालं, औषधं पिशवीत गेली, की उठता उठता वडील विचारतात, "मॅडम, पोरीला आश्रमशाळेत टाकू का? तिथं आजारी पडली तर कोण बघेल?" माझा दवाखाना सातपुड्याच्या पायथ्याशी, तालुक्याच्या गावी आहे. निम्मे रुग्ण वरच्या पाड्यांवरून येतात. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे: टाका. दुसऱ्याचं उत्तर मात्र दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून आज ते इथे लिहिते. तुम्ही पालक असाल, आश्रमशाळेत शिक्षक किंवा अधीक्षक असाल, नाहीतर तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं मूल अशा शाळेत असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे.

ज्यांनी आश्रमशाळा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आदिवासी मुलांनी राहून शिकावं म्हणून चालवलेल्या या निवासी शाळा. शिक्षण, जेवण, राहणं सगळं मोफत. ठक्करबाप्पांनी 1922 साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापन केलं, त्या काळापासून ही कल्पना आपल्याकडे रुजली. आज महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत आणि संस्थांनी चालवलेल्या अनुदानित शाळा वेगळ्या. नंदुरबार, नाशिक, पालघर, मेळघाट, गडचिरोली या पट्ट्यात त्या जास्त आहेत. सहा-सात वर्षांचं मूल आई सोडून इथे येतं. हौस म्हणून नव्हे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, तेव्हा त्या मुलाचं दोन वेळचं जेवण आणि शाळा टिकण्याची हीच एक जागा असते. म्हणून मी "टाका" म्हणते.

पण घरात आजारपण सर्वांत आधी कुणाला कळतं? आईला. मूल जेवलं नाही, गप्प बसलं, रात्री कण्हलं, की तिचा हात कपाळावर जातो. वसतिगृहात दीडदोनशे मुलांमागे एक अधीक्षक आणि मुलींसाठी एक अधीक्षिका. त्यांच्याकडे धान्याचा हिशोब, हजेरी, भांडणं, पाण्याचा टँकर, सगळंच. शिवाय पहिलीतलं पावरा किंवा भिल्ल मूल घरची बोली बोलतं. सरांशी मराठीत बोलायला ते बिचकतं आणि पोट दुखत असलं तरी पांघरूण ओढून पडून राहतं. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न इतका गंभीर झाला की 2016 साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती नेमावी लागली. मी ज्या शाळांमध्ये तपासणीला गेले, तिथे मला कुठलाही दुर्मीळ आजार भेटला नाही. भेटले ते नेहमीचेच, पण दोन-तीन दिवस उशिरा.

खरजेचंच बघा. "खाज सुटते" ही काय डॉक्टरकडे नेण्याची गोष्ट आहे, असं सगळ्यांनाच वाटतं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, जांघेत बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज असेल तर ती बहुधा खरूज. ती एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होते आणि अंगाला अंग लागून पसरते. थंडीत दोन मुलं एका ब्लँकेटात झोपली की झालं. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या नखापर्यंत, रात्रभर, आणि आठवड्याने पुन्हा एकदा, एवढा साधा उपचार आहे. तरीही वसतिगृहातली खरूज हटत नाही, कारण ज्याला खाज आहे त्यालाच मलम मिळतं. शेजारच्या गादीवरच्या मुलाच्या अंगात किडा शिरलेला असतो, पण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून त्या खोलीतल्या सगळ्या मुलांना एकाच रात्री मलम लावायचं. दुसऱ्या दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायच्या. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवायचं, कारण अंगाबाहेर हा किडा फार दिवस जगत नाही. उपचारानंतरही दोन-चार आठवडे थोडी खाज राहते. तेवढ्यावरून रोज मलम चोपडत बसू नका.

आणि खाजवून फोड पिकले असतील तर दुर्लक्ष नको. त्या पुवातल्या जंतूंमुळे काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. सकाळी उठल्यावर चेहरा, डोळ्यांभोवती सुजलेलं दिसतं, लघवी कमी आणि चहासारखी काळपट होते. असं मूल त्याच दिवशी रुग्णालयात गेलं पाहिजे.

आता रात्रीचा विषय. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. चावा इतका हलका की पुष्कळदा जाग येत नाही. सूज नाही, रक्त नाही, कधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे मूल उठून म्हणतं, पोटात दुखतंय, घसा आवळल्यासारखा वाटतोय. मग पापण्या जड होतात, शब्द बोबडे येतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. अशा वेळी पोटदुखीची गोळी देऊन झोपवलं, तर पुढचे दोन तास हातातून जातात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाचं पोट पहाटे अचानक दुखू लागलं आणि त्याला डोळे नीट उघडता येत नसतील, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजूनच 108 ला फोन करा. भगत, झाडपाला, चिरा देणं, दोरी करकचून बांधणं यात वेळ घालवू नका. प्रतिसर्पविष आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास एवढंच कामाला येतं. मुलांना खाट द्या. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून. माझ्या मते आश्रमशाळेला रंगरंगोटीआधी खाटा मिळायला हव्यात.

तिसरी गोष्ट सिकलसेल. हा आनुवंशिक आजार आपल्या आदिवासी पट्ट्यात बराच आढळतो. यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, छाती, पोट यांत भयंकर वेदना होतात. वाहक मुलाला सहसा काहीच त्रास नसतो. त्रास होतो तो ग्रस्त मुलाला, आणि त्रास वाढवणाऱ्या गोष्टी वसतिगृहात भरपूर असतात. डिसेंबरात पहाटे थंड पाण्याची आंघोळ. मैदानाच्या फेऱ्या. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे पाणी. संडास लांब, अंधार, म्हणून मुली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. सिकलसेलच्या मुलीसाठी हे दुखण्याला आमंत्रणच. तिला कोमट पाण्याने आंघोळ, दिवसभर पाण्याची बाटली, गरम कपडे आणि रोज फॉलिक ॲसिडची गोळी मिळाली पाहिजे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मात्र तिने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि तिला जोराचा ताप आला तर "उद्या बघू" नाही, त्याच दिवशी रुग्णालय. ती कळवळत असेल तर "नाटक करते" असं म्हणू नका. मी हे शब्द माझ्या कानांनी ऐकले आहेत, म्हणून लिहिते.

म्हणून मुलाला सोडायला जाल तेव्हा दाखल्यांच्या पिशवीत एक कागद जास्त ठेवा. सिकलसेलची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. साध्या चाचणीत दोष दिसला तर वाहक की ग्रस्त हे ठरवणारी पुढची चाचणीही झाली पाहिजे, अर्ध्यावर सोडू नका. जो अहवाल येईल तो, फिट येत असेल तर ते, कुठलं औषध चालत नसेल तर ते, हे सगळं लिहून अधीक्षकांच्या हाती द्या आणि वर्गशिक्षकांनाही सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत मुलांची तपासणी करतं. सुट्टीत मूल घरी आलं की त्या तपासणीत काय निघालं ते त्याला विचारा, कुठे पाठवायला सांगितलं असेल तर तिथे न्या.

मुलालाही शिकवा. "दुखतंय", "ताप आहे", "मला श्वास घेता येत नाही", "रात्री काहीतरी चावलं" ही चार वाक्यं मराठीत पाठ करून द्या. त्याच पाड्यावरच्या मोठ्या वर्गातल्या एखाद्या दादाला किंवा ताईला सांगून ठेवा की याचं काही दुखलं तर रात्री सरांना उठवायचं. सर रागावले तरी उठवायचं.

आणि शाळेत एकच मोबाइल नंबर देऊन ऊसतोडीला जाऊ नका. फडात रेंज नसते, फोन मुकादमाच्या खोपीत चार्जिंगला असतो. गावात मागे राहणारी आजी, काका, आशाताई, यांच्यापैकी कुणाचा तरी दुसरा नंबर द्या आणि मुलाला रुग्णालयात न्यायला माझी हरकत नाही, माझी वाट पाहू नका, असं अधीक्षकांना स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहून द्या.