एकसर जोडणी

दिवाळी सरली, धान घरी आले, की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत रंगते. लोक नायकाकडे पाहतात. माझे लक्ष असते वादकांत बसलेल्या दादाच्या बेस गिटारकडे. त्याच्या हंगामाच्या कमाईतून माझी फी निघते, तेव्हा हे लक्ष अगदीच निःस्वार्थी आहे असे म्हणवत नाही.

त्या गिटारच्या पोटात प्रीअँप आहे. ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर तो चालतो. पण तार जोरात छेडली की आवाजाचे शेंडे छाटले जातात आणि तो फाटतो. म्हणून दादाने दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या: एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला. झाले १८ व्होल्ट! आवाज मोठा झाला नाही, त्याला उसळायला जागा मिळाली. अर्थात प्रीअँप १८ व्होल्ट सोसणारा आहे, हे त्याने आधी पाहून घेतले होते.

गंमत अशी, की ९ व्होल्टची बॅटरी हीच मुळी दीड व्होल्टच्या ६ घटांची एकसर जोडणी. व्होल्टाने १८०० साली चकत्या रचल्या, तीच युक्ती.

या संसारात नवीशेजारी जुनी चालत नाही. थकलेली एक दोघींना खाली ओढते. बदलायच्या त्या दोन्ही, म्हणजे खर्चही दुप्पट. शिवाय केबल जॅकमध्ये राहिली की प्रीअँप जागाच राहतो. म्हणून पडदा पडताच दादा आधी केबल उपटतो, मग चहाकडे वळतो.