सप्टेंबरचा मुलगा आणि ऑगस्टचा मुलगा

निवड करणाऱ्या माणसाला आपली नजर पारखी आहे असें नेहमींच वाटत असतें. बाजारांत आंब्याची पेटी उघडून पाहणारे आजोबा काय, किंवा स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठीं नट निवडणारे मास्तर काय, त्यांच्या ह्या समजुतीनें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. पण आठ वर्षांच्या मुलांची निवड होते आणि तिच्यावर त्यांची पुढील वाट अवलंबून राहते, तेव्हां ती नजर नेमकें काय पाहते, हें तपासून घेणें अगत्याचें होतें.

आमच्या एका पुतण्यानें इंग्लंडांत बिऱ्हाड केल्यापासून तेथील फुटबॉल क्लबांच्या रीतीकडे आमचें लक्ष गेलें. सुटीच्या दिवशीं सकाळीं ठिकठिकाणच्या मैदानांवर लहान मुलांचे सामने चाललेले असतात. मोठ्या क्लबांचे पारखी कडेला उभे राहून ते पाहतात. मनांत भरलेल्या मुलाला कांहीं आठवडे चांचणीसाठीं बोलावितात. नऊ वर्षांखालील गटापासून मुलांचीं नांवें रीतसर नोंदलीं जातात, आणि पुढें ठराविक मुदतीनें कोणाला ठेवावयाचें व कोणाला निरोप द्यावयाचा, ह्याचा निवाडा होत राहतो.

आतां ह्यांतली मेख पाहा. तेथें वयोगटाचें वर्ष १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत मोजतात. सप्टेंबरच्या आरंभीं जन्मलेला मुलगा आणि पुढील ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेला मुलगा एकाच गटांत, एकाच मापानें मोजले जातात. चाळिशींतल्या माणसांत एका वर्षाच्या अंतराला कोणी विचारीत नाहीं. परंतु आठ वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. तेवढ्यांत उंची वाढते, पायांत बळ येतें, समज वाढते. कडेला उभा असलेला पारखी म्हणतो, "ह्या मुलांत गुण आहेत!" पुष्कळदां ते गुण म्हणजे केवळ दहा-अकरा महिने अधिक जेवलेलें अन्न असतें.

ही कल्पनेची भरारी नव्हे. कॅनडांतील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा ताडून रॉजर बार्न्सले व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ मध्यें दाखवून दिलें कीं, वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा त्यांत प्रमाणाबाहेर भरणा आहे. तेथें गटाचें वर्ष १ जानेवारीला सुरू होत असे. बेल्जियमचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. तेथें १९९७ मध्यें फुटबॉलच्या वयोगटाचा आरंभ १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणला. पूर्वीं तरुण संघांत ऑगस्ट व त्यापुढील महिन्यांतील मुलें अधिक असत. बदलानंतर जानेवारी व त्यालगतच्या महिन्यांतील मुलें पुढें आलीं. जन्ममासावरून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला हसणारे सुशिक्षित लोक येथें नकळत तेंच करीत होते. त्यांचे ग्रह आकाशांत नसून दिनदर्शिकेंत होते, एवढाच काय तो फरक.

ह्याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. निवडलेल्या मुलाला उत्तम शिक्षक, चांगलें मैदान व तोडीचे प्रतिस्पर्धी मिळतात; वगळलेल्याला घरचें अंगण. पांच वर्षांनीं दोघांत खराच फरक पडतो, आणि निवडणारे म्हणतात, "पाहा, आमचा अंदाज बरोबर होता कीं नाहीं?" अंदाज खरा करण्याचीं साधनें त्यांच्याच हातीं असतात, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं.

हॅरी केनचा जन्म २८ जुलै १९९३ चा, म्हणजे गटाच्या अगदीं शेवटास. आर्सेनल क्लबानें त्याला लहानपणीं घेतलें आणि एका हंगामानंतर निरोप दिला. पुढें टॉटेनहॅमनें त्याला घेतलें. २०१८ च्या विश्वचषकांत सर्वाधिक, म्हणजे सहा गोल त्यानेंच केले, आणि मार्च २०२३ मध्यें वेन रूनीचा ५३ गोलांचा इंग्लंडचा विक्रम मोडला. अर्थात् वगळलेला प्रत्येक मुलगा केन होत नाहीं. ठेवून घेतलेल्यांतले बहुतेकहि होत नाहींत. परंतु असे किती जण दाराबाहेरच राहिले असतील, ह्याचा हिशेब कोण ठेवणार?

क्लबांना दोष देऊन भागणार नाहीं. जागा मोजक्याच असतात. शिवाय त्यांच्यापैकीं कांहींनीं उपायहि शोधले आहेत. जन्मतारखेऐवजीं शरीराच्या वाढीवरून गट पाडून सामने खेळविण्याचे प्रयोग इंग्लंडांत झाले. नेदरलंड्समध्यें एका प्रयोगांत खेळाडूंच्या सदऱ्यांवर वयाच्या क्रमानें आंकडे घातले. आश्चर्य असें कीं, नुसत्या जन्मतारखा हातीं देऊन पारख्यांचा कल बदलला नाहीं. पण क्रम डोळ्यांपुढें धांवतांना दिसूं लागतांच तो सुधारला. म्हणजे माहिती असणें वेगळें आणि ती ऐन वेळीं आठवणें वेगळें.

आमच्या पुतण्याचा मुलगा ऑगस्टच्या अखेरचा. सहा आठवड्यांच्या चांचणीनंतर एका क्लबानें त्याला नकार कळविला. पुतण्यानें फोनवर विचारलें, "काका, त्याच्यांत तें नाहींच म्हणतात. आतां खेळ बंद करून शिकवणी लावूं का?" घरांत दोन तट पडले. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आठ वर्षांच्या पोरावर एवढ्यांत शिक्का कसला मारतां? त्याला अजून बूट बांधतां येत नाहींत नीट!" आम्ही पुतण्याला तेंच कळविलें: शेजारच्या मुलांच्या संघांत त्याला खुशाल खेळूं दे, पुढचें बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर पाहूं. तो केन व्हावा म्हणून नव्हे. आठव्या वर्षीं खेळ आवडतो, एवढें कारण पुरेसें आहे म्हणून.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एकाच इयत्तेंत बसणारीं दोन चुलत भावंडें असतील. त्यांतलें एक हुशार व दुसरें मंद, असें आपण पंक्तींत सहज बोलून जातों. दोघांच्या जन्मतारखा एकदां शेजारीं मांडून पाहाव्या. मुलाची पहिली निवड घरांतच होत असते, आणि तिच्यावर अपील नसतें. 'तूं कमी आहेस' आणि 'तूं लहान आहेस' ह्यांतला फरक मुलाला समजावून सांगणारें एक तरी माणूस घरांत असलेंच पाहिजे.