अस्वलांच्या मुलुखातील कापडी भिंत

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, सरोवरातून नदी जेथे बाहेर पडते त्या जागी, फिशिंग ब्रिज नावाचा प्रवाशांचा एक तळ आहे. तेथे रात्रीच्या मुक्कामास एक अट आहे. ज्याच्या निवाऱ्याच्या भिंती पत्र्याच्या अथवा तत्सम कठीण पदार्थाच्या असतील त्यानेच तेथे उतरावे; तंबूवाल्यास, किंवा ज्याच्या गाडीस कापडाची भिंत आहे अशास, तेथे जागा मिळत नाही. ती भूमी फार पूर्वीपासून ग्रिझ्ली अस्वलांच्या वहिवाटीची आहे, हे त्या अटीचे कारण होय.

आमचे थोरले बंधू माँटाना संस्थानातील बोझमन या गावी नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्यापाशी जे वाहन आहे ते ह्या अटीच्या दृष्टीने मोठे चमत्कारिक आहे. पिकअप ट्रकच्या पाठीवर, जेथे एरवी सामान भरावयाचे, तेथे एक बुटकी खोली बसविलेली आहे. प्रवासात तिचे छत खाली दबलेले असते, म्हणून वारा अडत नाही व पेट्रोलही कमी जळते. मुक्कामाला पोहोचल्यावर छत वर उचलावे, की चारी बाजूंनी जाड कापडाच्या भिंती उलगडतात आणि माणसास आत ताठ उभे राहता येते. बिछाना नेमका ह्या कापडी भागातच, ट्रकच्या टपावर येतो. खाली पत्रा आणि वर कापड; ह्यास घर म्हणावे की तंबू? उद्यानाचे अधिकारी ह्याचे उत्तर एका शब्दात देतात: तंबू.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी चौकस मुलगा येथे विचारील की, गुरुजी, पत्रा तरी अस्वलास अडवितो काय? प्रश्न योग्य आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात 1998 साली काळ्या अस्वलांनी हजाराहून अधिक मोटारी फोडल्या. दाराच्या वरच्या कडेत नखे अडकवून ती दार असे वाकवीत, की जणू आपण केळीचे साल सोलतो आहोत. आणि काळे अस्वल ग्रिझ्लीहून लहान असते. तेव्हा कोणतीही भिंत अभेद्य नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. परंतु पत्र्यास वेळ लागतो, आवाज होतो, आणि आत निजलेला मनुष्य जागा होतो. कापडास केवळ एक पंजा पुरतो. शिवाय अस्वल हा प्राणी नाकाने व तोंडाने वस्तूची परीक्षा करणारा आहे. कापडापलीकडे काय आहे हे पाहण्यासाठी ते सहज चावून बघते, आणि पलीकडे कोणाचा खांदा असू शकतो.

ह्या नियमांमागे बराच दुःखद इतिहास आहे. यलोस्टोनमध्ये दुसऱ्या महायुद्धापर्यंत उपाहारगृहांचा उष्टा कचरा एके ठिकाणी टाकीत, आणि तो खावयास जमलेली अस्वले पाहण्यासाठी प्रवाशांना बाके मांडून देत! आज हे वाचून हसू येते, परंतु त्या काळी त्यात कोणास वावगे वाटले नव्हते. ग्लेशियर उद्यानातही एका विश्रामगृहाबाहेर असेच खरकटे टाकण्यात येई. तेथे 1967 सालच्या ऑगस्टमध्ये, 12 व 13 तारखांमधील एकाच रात्री, परस्परांपासून दूर अशा दोन ठिकाणी, उघड्यावर निजलेल्या दोन तरुणी ग्रिझ्लींच्या हल्ल्यात मरण पावल्या. दोघीही एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर मात्र कचऱ्याचे ढीग बंद करण्याचे काम नेटाने सुरू झाले.

तथापि स्वच्छता पाळली म्हणजे सर्व झाले, असेही नाही. 28 जुलै 2010 च्या रात्री, यलोस्टोनच्या ईशान्येस सोडा ब्यूट नावाच्या तळावर, एका ग्रिझ्ली मादीने तीन तंबूंवर हल्ले केले. एक पुरुष ठार झाला व दोघे जखमी झाले. त्या बिचाऱ्यांनी अन्न नियमाप्रमाणे ठेवले होते. ती मादी पकडून मारण्यात आली. तिच्याबरोबर तीन पिले होती. ती बिलिंग्ज गावच्या प्राणिसंग्रहालयात पाठविली गेली व आईच्या मागे गजांआड वाढली. आता त्या तळावरही कापडी भिंतीस मज्जाव आहे. आम्ही हे वृत्त प्रथम वाचले तेव्हा मेलेल्या मनुष्याविषयी जितके वाईट वाटले, तितकेच त्या पिलांविषयीही वाटले, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाचाही शेवट बहुधा असाच होतो. कोणा प्रवाशाने निष्काळजीपणे भाकरीचा तुकडा टाकावा आणि त्याची किंमत त्या प्राण्याने जिवाने द्यावी, हा व्यवहार कोणत्याही नीतीत बसणारा नव्हे.

2024 सालच्या जूनमध्ये आम्ही बंधूंच्या कुटुंबासह यलोस्टोनमधील मॅडिसन येथे उतरलो. हा तळ तंबूवाल्यांसही मोकळा आहे. तेथे खरी अधिकारी निघाली ती आमची दहा वर्षांची पुतणी. शाळेत तिला हे सर्व शिकविलेले होते. वहिनींनी सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी पिठले-भात केला; भांडी लगेच धुतली, आणि ते पाणी जमिनीवर न ओतता तळावरील मोरीत नेऊन टाकले. स्टोव्ह, भांडी, पिठाचा डबा सर्व ट्रकच्या पुढील भागात बंद झाले, कारण त्या भागास पत्रा व काच आहे. नियम असा की, वास येणारी एकही वस्तू कापडाआड राहता कामा नये. मग ह्या बाईसाहेबांनी जकातदाराप्रमाणे सर्वांची झडती घेतली. चिवड्याची पुडी गेली, दातांची पेस्ट गेली, साबण गेला. शेवटी वहिनींच्या पिशवीत खोबरेल तेलाची बाटली सापडली. "अगं, ते केसांचं आहे, खायचं नाही!" असे वहिनी म्हणाल्या. "आई, अस्वलाला ते कसं कळणार?" असे उत्तर मिळाले, आणि बाटली त्या थंडीत खाली गेली. जूनमध्येही तेथे रात्री पाणी गोठण्याइतका गारठा पडतो.

मध्यरात्री आम्हांस जाग आली. कापडापलीकडे कोणी तरी मोठ्याने श्वास घेत होते. मधून गवत उपटल्याचा आवाज येई. आम्ही बंधूंस हलविले. त्यांनी क्षणभर कान दिला आणि कुशीवर वळून म्हणाले, "गवा आहे. झोप." सकाळी पाहतो तो खरोखरच तेथील एक रानगवा, ज्यास ते बायसन म्हणतात, पंचवीस-तीस पावलांवर निवांत रवंथ करीत बसला होता. गव्याच्या अंगावर जाऊनही पुष्कळ लोक जखमी होतात, हे आम्हांस मागाहून कळले.

अस्वल दिसले ते दुसऱ्या दिवशी, हेडन खोऱ्यात, रस्त्यावरून. खांद्यावर स्पष्ट उंचवटा, म्हणजे ग्रिझ्ली. काळ्या अस्वलास तो नसतो. शंभर यार्डांच्या आत कोणीही जाऊ नये असा तेथे कायदा आहे, व रेंजर बाई तो हसतमुखाने पण कसोशीने पाळवून घेत होत्या. आपल्या मेळघाटातील अस्वल वारुळे फुंकून वाळवी खाते. हे मात्र मुळे उकरीत होते. त्याच्या पंजाने मातीचे ढेकूळ उडे, ते पाहून कालच्या कापडी भिंतीची आठवण आम्हांस झाली खरी.

बंधूंच्या कमरेस एक डबी असते. तीत मिरचीचा अर्क दाबून भरलेला असून, चाल करून येणाऱ्या अस्वलाच्या तोंडासमोर त्याचा फवारा सोडावयाचा असतो. आपली मिरची मूळची अमेरिकेचीच. पोर्तुगीजांनी ती इकडे आणली आणि आपण तिचा ठेचा केला. तिचा हा उपयोग मात्र आम्हांस नवा होता. काही भोळे लोक हा फवारा डासांच्या औषधासारखा तंबूवरच मारून ठेवतात. त्याचा परिणाम उलटा होतो. वाळलेल्या तिखटाच्या वासाने अस्वल दूर न पळता चौकशीस येते.

कॅनडातील लेक लुईझ येथे ह्या प्रश्नाचा निकाल निराळ्या रीतीने लावलेला आहे. तेथे तंबू व कापडी भिंतींच्या गाड्या ह्यांच्यासाठी वेगळा तळ असून त्याभोवती विजेचे कुंपण आहे. माणसे कुंपणात, अस्वले बाहेर. प्राणिसंग्रहालयाची ही उलटी मांडणी आम्हांस फार न्याय्य वाटली.

बंधूंचा बेत पुढील उन्हाळ्यात ग्लेशियर उद्यानातील मेनी ग्लेशियर तळावर जाण्याचा आहे. तेथील फलक अस्वलांच्या येण्याजाण्यानुसार बदलतो. आज तंबूस मोकळीक, तर उद्या केवळ कठीण भिंती. म्हणून दूरचा दुसरा एक तळ त्यांनी आधीच हेरून ठेवला आहे. पूर्ण पत्र्याची गाडी का घेत नाही, असे आम्ही विचारिले. तेव्हा त्यांनी किंमत सांगितली, आणि पुतणीने सांगितले की, पत्र्याच्या गाडीत पाऊस नुसता वाजतो, कापडातून तो जवळ येतो.